लादी आत्ताच पुसली, मग हा वास कसला? साफसफाईच्या साधनांची साफसफाई

जुलै महिन्यात ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्याही घरी सकाळी अकराच्या सुमारास जा. लादी नुकतीच पुसलेली असते, पंखा फिरत असतो, आणि तरीही खोलीत एक कुबट वास भरून राहिलेला असतो. फिनाईलचा वास दहा-पंधरा मिनिटांत विरतो आणि त्याच्याखालून हा दुसरा वास वर येतो. बहुतेक जण दोष पावसाला देतात, भिंतीतल्या ओलीला देतात, कधी ड्रेनेजला. हे सगळं खरंही असू शकतं. पण प्लंबरला बोलावण्याआधी लादी पुसायचं फडकं नाकाजवळ नेऊन बघा. बऱ्याच घरांत उत्तर तिथंच मिळतं.

भांडी घासायची असतात, कपडे धुवायचे असतात, लादी पुसायची असते हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण घासणी, फडकं, मॉप, झाडू, टॉयलेटचा ब्रश यांनाही धुवावं-वाळवावं लागतं, हे आपल्या गावीही नसतं. फडकं जीर्ण होऊन फाटेपर्यंत वापरायचं आणि मग टाकायचं, एवढंच त्याचं आयुष्य. एवढं कष्टानं घर पुसून तीच घाण पातळ करून सगळ्या खोल्यांत पसरायची, हे मला मनापासून खटकतं. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

वास नेमका येतो कुठून?

आपल्या हातांवर, लादीवर, भाज्यांवर, हवेत जिवाणू असतातच. ते असण्यात घाबरण्यासारखं काही नाही. अडचण होते ती ते बेसुमार वाढले की. वाढायला त्यांना तीन गोष्टी लागतात: खायला काहीतरी, ओलावा आणि ऊब. रात्री ओट्यावर ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी फुगून वर येतं ते या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्यामुळे. तेच पीठ फ्रिजमध्ये ठेवलं तर फारसं हलत नाही, आणि डब्यातल्या कोरड्या तांदळात तर महिनोन्‌महिने काहीच घडत नाही. लादीच्या फडक्यात केस असतात, अंगावरून गळलेले त्वचेचे कण असतात, सांडलेल्या आमटीचा अंश असतो. हे झालं खाणं. पाणी आहेच. आणि ऊब तर आपल्याकडच्या हवेत बारा महिने आहे. तिन्हींपैकी ऊब आपल्या हातात नाही, खाणं धुऊन कमी करता येतं, आणि ओलावा मात्र जवळजवळ पूर्ण काढून टाकता येतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सगळं मनासारखं जुळून आलं तर काही जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबानं आठ तासांत २४ वेळा दुपटी होते आणि एकाचे १ कोटी ६७ लाख होतात. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात फडक्यात खाणं संपतं, जागा संपते, वाढ मंदावते. तरी सकाळी बादलीत टाकलेला बोळा संध्याकाळी का वास मारतो, ते एवढ्यावरून कळायला हरकत नाही.

आता एकच शास्त्रीय शब्द लक्षात ठेवा, बायोफिल्म. ओल्या जागेवर जिवाणू सुटे पडून राहत नाहीत. ते तिथं चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. आवरणासकट जी वसाहत बसते तिला बायोफिल्म म्हणतात. सिंकच्या जाळीखालून बोट फिरवलं की जे बुळबुळीत लागतं ते, किंवा मॉपच्या बादलीच्या तळाशी नखानं खरवडला की निघणारा करडा मेणचट थर, तो हाच. नुसती पाण्याची धार सोडून तो जात नाही. वरून जंतुनाशक ओतलं तरी ते आवरणाच्या आत नीट पोचत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

कुबट वासाचा एक गुन्हेगार तर नावानिशी सापडलेला आहे. धुऊनही नीट न वाळलेल्या कपड्यांना जो वास येतो, त्यामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. कापडात उरलेल्या मळापासून तो एक उग्र वासाचं आम्ल तयार करतो. हा चिवट आहे, कोरड्यातही तग धरतो. पण वाढायला त्यालाही पाणी लागतंच. म्हणून धुणं आणि वाळवणं या दोन्हींना पर्याय नाही. मळ तसाच ठेवून नुसतं वाळवलं तर पुन्हा भिजल्यावर तोच वास परत येतो.

आपल्याच भागात हा त्रास एवढा का?

एका बाजूला खाडी, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात. हवाच पाण्यानं भरलेली असेल तर फडक्यातलं पाणी उडून जाणार कुठं? पुण्यात किंवा नाशिकला जे फडकं दोन तासांत खडखडीत होतं, ते ऐरोलीत संध्याकाळपर्यंत दमट राहतं.

त्यात आपली घरं. ज्या जागेला आपण ड्राय बाल्कनी म्हणतो, तिथं वॉशिंग मशीन, सिलिंडर, चपलांचा रॅक आणि कोपऱ्यात मॉपची बादली. ऊन तिथं येत नाही, आणि शेजारची इमारत चिकटून असेल तर वारंही नाही. जुन्या सिडकोच्या घरांत ही सगळी सामग्री मोरीत किंवा बाथरूमच्या दारामागे असते. फडकं बादलीच्या काठावर दुमडून टाकलेलं असतं. दुमडलेलं म्हणजे आतली बाजू ओलीच.

पाण्याचाही थोडा संबंध आहे. नवी मुंबईत महापालिकेच्या मालकीच्या मोरबे धरणाचं पाणी येतं, ते तुलनेनं मऊ. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये मात्र टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. जड पाण्यात साबणाचा साका तयार होतो, तो कापडात अडकतो, कापड कडक होतं आणि जिवाणूंना चिकटायला आणखी जागा मिळते. अशा पाण्यात फडकी धुताना साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट पावडर बरी, आणि खळबळायला एक बादली पाणी जास्तच घ्यावं.

“पण आम्ही रोज फिनाईल टाकतो की!”

ही हरकत प्रत्येक घरात ऐकू येते, म्हणून नीट बघू. जंतुनाशकाला काम करायला दोन गोष्टी लागतात: पुरेसं प्रमाण आणि पुरेसा वेळ. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पृष्ठभाग अमुक इतकी मिनिटं ओला राहिला पाहिजे, बऱ्याचदा दहा. आपण पुसतो आणि पंख्याखाली लादी दोन मिनिटांत कोरडी होते. प्रमाणाचं म्हणाल तर अर्ध्या बादलीत अंदाजे एक झाकण पडतं. शिवाय मळ स्वतःच जंतुनाशक खाऊन टाकतो. पहिली खोली पुसून होईपर्यंत पाणी गढूळ होतं, आणि तिसऱ्या खोलीत आपण वास असलेलं मळकं पाणी फिरवत असतो.

यावर सगळ्यात जास्त फरक पडतो तो दोन बादल्यांनी. एकीत साबणाचं किंवा फिनाईलचं पाणी, दुसरीत साधं. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं आणि मगच साबणाच्या पाण्यात बुडवायचं. साधं पाणी दर एक-दोन खोल्यांनंतर बदलायचं. आठवडाभर हे करून त्या दुसऱ्या बादलीचा रंग बघा, एरवी ते सगळं कुठं जात होतं ते दिसेल. स्पिन मॉपमध्ये पिळायची सोय छान असते, पण पाणी एकच असतं, म्हणून ते निदान एकदा मधे बदलायलाच हवं.

रोजच्या लादीला खरं तर जंतुनाशकाची गरजही नसते. घरात कुणी उलट्या-जुलाबांनी आजारी असेल, कुत्र्या-मांजरानं घाण केली असेल, तेव्हा ते वापरावं. एरवी चिमूटभर डिटर्जंट आणि स्वच्छ फडकं पुरतं. पण फडकं स्वच्छ असलं तर.

ओट्याचं फडकं आणि घासणी

घरातली सगळ्यात घाण वस्तू कुठली असं विचारलं तर लोक संडासाकडे बोट दाखवतात. उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघरात सापडतं. २०१७ मध्ये जर्मनीत वापरातल्या १४ स्पंजांचा अभ्यास झाला. त्यात काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये ५,४०० कोटींपर्यंत जिवाणू आढळले, आणि त्या गर्दीत वर सांगितलेला मोराक्सेलाही होता. एक घन सेंटिमीटर म्हणजे साखरेच्या खड्याएवढी जागा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टाकायला काढलेली पिवळी-हिरवी घासणी सुरीनं मधोमध कापा. वरून ती फिकट झालेली असते, पण आत, हिरवा थर जिथं पिवळ्या स्पंजला चिकटवलेला असतो त्या रेघेवर, तपकिरी-करडी पट्टी दिसते. बोटानं दाबली तर तेलकट पाणी सुटतं. बारीक अन्नकण तिथं जाऊन बसतात आणि धुताना बाहेर येत नाहीत. स्पंजची रचनाच पाणी धरून ठेवण्यासाठी असते, तो आतून वाळत नाही. त्यात आपण तो साबणाच्या डबीत ठेवतो, जिच्या तळाशी पाणी साचलेलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की आपल्या हवेत स्पंजपेक्षा जाळीची किंवा काथ्याची घासणी आणि लांब दांड्याचा ब्रश जास्त चांगला. नॉर्वेतल्या संशोधकांनी स्पंज आणि ब्रश यांची तुलना केली, तेव्हा दोन वापरांच्या मधल्या वेळात वाळायला ठेवलेल्या ब्रशवर साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जिवाणू मरून कमी झालेले दिसले. स्पंजमध्ये ते टिकून राहिले. कारण साधं आहे. ब्रशच्या केसांमधून वारं खेळतं. तारेची घासणी लवकर वाळते, पण तिचे तुकडे सुटायला लागले की ताबडतोब टाकायची. ते तुकडे भांड्यात आणि तिथून पोटात जातात.

घासणी वापरून झाली की वाहत्या पाण्याखाली दाबून-दाबून फेस जाईपर्यंत धुवायची, पिळायची आणि सिंकवरच्या आकड्याला टांगायची. टांगणं महत्त्वाचं. साबणाच्या डबीच्या तळाला भोकं नसतील तर ती डबी बदला. स्पंजच वापरायचा असेल तर आठवड्याला नवा घ्या.

ओट्याच्या फडक्याचं गणित वेगळं आहे, कारण ते अन्नाजवळ फिरतं. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून किंवा ठाण्याच्या बाजारातून कोळंबी आणली, सिंकमध्ये साफ केली, आणि ओट्यावर सांडलेलं पाणी त्याच फडक्यानं पुसलं. दहा मिनिटांनी त्याच फडक्यानं जेवणाचं टेबल पुसलं. कच्च्या मासळी-चिकनमधले जिवाणू शिजवल्यावर मरतात. टेबलावरच्या काकडीला कुणी शिजवत नाही. म्हणून मासळी-चिकनच्या पाण्यासाठी जुन्या वर्तमानपत्राचा कागद किंवा टिश्यू वापरा, टाकून द्या, आणि मग ओटा साबणानं पुसा. ओट्याची फडकी दिवसाला एक या हिशेबानं सात ठेवा. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची, पातळ. पातळ कापड लवकर वाळतं, हा त्याचा मोठा गुण. जाड टर्किशचा तुकडा पुसायला छान वाटतो, पण पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस ओला राहतो.

उकळलं किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर?

सुती फडकं डिटर्जंटनं धुऊन, वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळणं ही उत्तम पद्धत आहे. आठवड्यातून एकदा पुरे. वास जातो, चिकटपणा जातो. पण उकळलेलं फडकं पुन्हा बोळा करून ठेवलं तर एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं.

मायक्रोवेव्हबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २००७ मध्ये सांगितलं होतं की ओला स्पंज एक मिनिट ठेवला तर जवळजवळ सगळे जिवाणू मरतात. ते खरं आहे. पण जर्मनीतल्या त्या अभ्यासात, जे लोक आपला स्पंज नियमित निर्जंतुक करतो असं सांगत होते त्यांच्या स्पंजांतही जिवाणू कमी नव्हते, काही त्रासदायक प्रकारांचं प्रमाण उलट थोडं जास्त दिसलं. चिवट असतात ते वाचतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच पसरतात. प्रयोगशाळेतलं एक मिनिट आणि घरातले पंधरा दिवस यात हा फरक आहे. शिवाय कोरडा स्पंज मायक्रोवेव्हमध्ये पेट घेऊ शकतो आणि तारेची घासणी तर आत घालायचीच नाही. वीस-तीस रुपयांच्या स्पंजसाठी हा खटाटोप कशाला?

मायक्रोफायबरला वेगळी वागणूक

हल्ली लादीच्या मॉपपासून गाडी पुसायच्या कापडापर्यंत सगळीकडे मायक्रोफायबर आहे. हे पॉलिएस्टर आणि नायलॉनचं कापड. त्याचे धागे केसाहून कितीतरी बारीक असतात आणि शिवाय चिरलेले असतात, त्या फटींत धूळ आणि तेल अडकतं. म्हणूनच ते नुसत्या पाण्यानंही चांगलं पुसतं.

त्या फटी बुजल्या की कापड निरुपयोगी होतं. कपड्यांचं सॉफ्टनर वापरलं तर धाग्यांवर थर बसतो. सुती टॉवेलांबरोबर धुतलं तर त्यांची लव याला चिकटते. ब्लीच नायलॉनला खाऊन टाकतं, आणि उकळलं किंवा ड्रायरमध्ये कडक तापवलं तर धागे आकसतात. म्हणजे ओट्याच्या फडक्याला जे चालतं ते इथं चालत नाही. कोमट पाणी, थोडं पातळ डिटर्जंट, वेगळं धुणं आणि वाऱ्यावर वाळवणं. मायक्रोफायबर पाणी टाकत असेल, म्हणजे पुसताना थेंब मागं राहत असतील, तर धाग्यांवर साबणाचा थर बसला आहे असं समजावं. दोन-तीन वेळा नुसत्या पाण्यात खळबळलं की ते बऱ्याचदा पुन्हा कामाला लागतं.

सुती दोऱ्यांचा मॉप असेल तर तो जिथं पट्टीत आवळलेला असतो तिथं बोट घालून बघा. टोकं कोरडी असतात आणि मुळाशी अजून ओल असते. वास तिथून येतो. मॉप कधीही बादलीत उभा ठेवू नका, दोरे खाली लोंबत राहतील असा खिळ्याला टांगा. ज्यांचा गुच्छ काढता येतो असे मॉप घ्या आणि दोन गुच्छ ठेवा. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राची रुग्णालयांसाठीची सूचना तर मॉपचे गुच्छ आणि फडकी रोज धुऊन वाळवण्याची आहे. घरात एवढं नको, पण आठवड्याला दोनदा तरी व्हावं.

झाडू, केरसुणी, खराटा

इथं नियम उलटा. यांना पाणी शक्यतो लावायचंच नाही.

फुलझाडू ईशान्येकडच्या डोंगरांत उगवणाऱ्या एका गवताच्या तुऱ्यांचा असतो. नवा आणला की आठवडाभर भुसा पडतो. गच्चीवर किंवा जिन्याच्या कठड्यावर उलटा-सुलटा झटकून घ्या आणि तुऱ्यांतून मोठ्या दातांचा जुना कंगवा फिरवा, निम्मा भुसा तिथंच पडतो. तोच कंगवा पुढं केस काढायलाही कामाला येतो. झाडूत गुंतलेले केस हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. त्यात धूळ अडकून राहते आणि झाडताना पुन्हा उडते, घरात दमा असेल तर ते लगेच जाणवतं. ओल्या बाथरूममध्ये फुलझाडू फिरवला की मुठीच्या आतली काडी कुजते आणि काळी बुरशी धरते. बुरशी दिसली की तो झाडू घरात ठेवू नये.

शिंदीच्या पानांची केरसुणी जास्त चिवट. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं, या पद्धतीत वर्षातून एकदा झाडू बदलण्याची सोय आपोआप झालेली आहे. काही घरांत झाडू उभा ठेवत नाहीत. तिथं आडवा ठेवा, पण लादीला टेकवून नको, दोन खिळ्यांवर ठेवा, म्हणजे खालून हवा लागते. नारळाच्या हिरांचा खराटा आणि प्लॅस्टिकचे ब्रश मात्र खुशाल धुवा. तेच बाथरूमसाठी बरे.

बादली, टॉयलेट ब्रश आणि डेंग्यू

पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरी येऊन कुंड्यांच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे तपासतात. मॉपची बादली आणि टॉयलेट ब्रशचं भांडं आपण स्वतःच तपासायचं. डेंग्यूचा डास, एडिस, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. गावाला जाताना बादलीत तळाशी राहिलेलं पाणी तेवढ्यासाठी पुरेसं आहे. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ही अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात. पाणी ओतून दिलं तरी अंडी राहतातच. म्हणून बादली आतून ब्रशनं घासायची, मग उपडी घालायची.

टॉयलेट ब्रश वापरल्यावर लगेच डब्यात खुपसू नका. दांडा सीटखाली दाबून ब्रश कमोडच्या भांड्यावर दहा मिनिटं निथळत ठेवा. डबा आठवड्यातून एकदा धुवा. ज्याच्या तळाला निचरा आहे असा, किंवा भिंतीला टांगायचा ब्रश मिळाला तर तोच घ्या.

हे दोन कधीच एकत्र नकोत

साधनं निर्जंतुक करायच्या उत्साहात लोक एक जीवघेणी चूक करतात. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड एकत्र ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आपली बाथरूम लहान, खिडकी म्हणजे काचेच्या चार पट्ट्या. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, आणि फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. व्हिनेगर, लिंबूसत्व यांच्याबरोबरही ब्लीच नको. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबरही नको, त्यातून वेगळा विषारी वायू तयार होतो. टॉयलेट ब्रशवर ॲसिड राहिलेलं असताना तो ब्लीचच्या पाण्यात बुडवणं हाही त्यातलाच प्रकार. चुकून झालंच तर काही धुवायला थांबू नका, बाहेर पडा, दारं-खिडक्या उघडा, त्रास होत असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

ब्लीच वापरायचंच असेल तर पांढऱ्या सुती फडक्यांसाठी. बाटलीवर ४ ते ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर साध्या पाण्यात २५ मिली, म्हणजे चहाचे पाच चमचे. आधी साबणानं धुतलेलं फडकं त्यात दहा मिनिटं ठेवायचं आणि मग भरपूर पाण्यात खळबळायचं. गरम पाणी वापरू नका, त्यानं ब्लीचची ताकदच जाते. द्रावण रोज ताजं करा, हातमोजे घाला.

यंत्रांचं काय?

वॉशिंग मशीनमध्ये साबणच तर असतो, ते घाण कसं होईल, असं वाटतं. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराजवळची रबरी कडा बोटानं उलटून बघा. आत केस, नाणी, काळपट थर. धुणं झालं की ही कडा कोरड्या फडक्यानं पुसा, दार आणि पावडरचा कप्पा उघडा ठेवा, खालचा फिल्टर महिन्याला साफ करा. पावडर जास्त घातली की कपडे जास्त स्वच्छ होतात हाही गैरसमज आहे. जादा पावडर ड्रमच्या मागे साचते आणि तिथं थर धरतो. बोअरचं पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्व घालून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा. अर्थात त्या फेरीत ब्लीच नको.

व्हॅक्यूम क्लीनरचा स्पंजचा फिल्टर धुता येतो, पण तो पूर्ण वाळायला आपल्याकडे उन्हाळ्यात २४ तास आणि पावसाळ्यात कधी ४८ तास लागतात. ओला बसवला तर वास तर येतोच, मोटरही खराब होते. हेपा फिल्टर, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी घड्यांची जाळी, सगळेच धुण्याजोगे नसतात. पुस्तिका बघूनच ठरवा.

“आजीच्या काळी हे कुणी करत नव्हतं”

खरं आहे. पण आजी कशानं घासायची ते आठवा. नारळाच्या शेंडीनं आणि चुलीतल्या राखेनं. शेंडी दोन-चार दिवसांत चुलीत जायची. मोरीत ऊन यायचं किंवा भांडी अंगणातच घासली जायची. फडकं दोरीवर असायचं. सारवलेल्या जमिनीला ओलं फडकं लागतच नसे. तिला वेगळं काही करावं लागलं नाही, कारण तिच्या वस्तू आपोआप वाळत होत्या. आपण स्पंज आणला, जाड मॉप आणला, आणि ते बाराव्या मजल्यावरच्या बिनउन्हाच्या कोपऱ्यात ठेवले.

आणि यानं खरंच कुणी आजारी पडतं का? धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, वास तेवढा येतो. पण घरात तान्हं बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा दमा असेल, तर ओट्याचं फडकं, घासणी आणि बुरशी धरलेला झाडू या तिन्हींकडे आधी बघावं. सगळं एकदम नाही जमलं तरी चालेल.

पावसाळ्यात वाळवायचं कसं, आणि ते करायचं कुणी?

ऊन नसेल तर वारं वापरा. फडकं घट्ट पिळून, झटकून, एकेरी पसरून चिमट्यानं लावलं आणि रात्री त्याच्यावर पंखा अर्धा-एक तास चालू ठेवला तर पावसाळ्यातही काम होतं. छताला ओढून वर न्यायच्या कपड्यांच्या दांड्या असतात, त्यातली एक दांडी फक्त फडक्यांसाठी राखा. संडास-बाथरूमचं फडकं आणि ओट्याचं फडकं वेगळ्या रंगाचं असू द्या, रुग्णालयांमध्येही असंच करतात. कुठलं कशाचं हे मग कुणाला विचारावं लागत नाही.

राहिला प्रश्न करण्याचा. बऱ्याच घरांत लादी पुसायला मावशी येतात, त्यांच्याकडे अशी पाच घरं असतात, आणि शेवटी फडकं धुवायला त्यांना दोन मिनिटंही उरत नाहीत. “मावशी, फडकं नीट धुवा हो” असं म्हणून ते होणार नाही. पुसून झाल्यावर फडकं साबणाच्या पाण्यात टाकून त्यांनी जावं आणि घरच्यांपैकी कुणीतरी नंतर ते खळबळून वाळत घालावं, हे जास्त न्याय्य आहे आणि होतंही. वास येणाऱ्या बोळ्यात आणि फिनाईलच्या पाण्यात रोज त्यांचेच हात जातात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या त्यांना होतात. दोन बादल्या, कोरडं फडकं आणि त्यांच्या मापाचे रबरी हातमोजे त्या आल्यावर समोर तयार असायला हवेत. मोजेही काम झाल्यावर उलटे करून वाळत घालायचे, नाहीतर आठ दिवसांत त्यांनाही तोच वास येतो.